सनमायका चिकटवण्याचे पिवळे सोल्युशन : चिकटते उत्तम, पण डबा आणि विक्री दोन्ही धोक्याची

गणपतीपूर्वी ओट्याखालची कपाटे आणि माजघरातील एक जुने टेबल यांना नवा सनमायका लावून घेतला आणि त्यासाठी दापोलीच्या बाजारातून सिंथेटिक रबराच्या सोल्युशनचा एक लिटरचा डबा आणला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटींविषयी पुढे लिहिले आहे त्या माझ्या पाहण्यातील या प्रकारच्या बहुतेक डब्यांत कमीअधिक प्रमाणात आहेत. माझी नोकरी लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात झाली. त्यामुळे डबा हाती आला की आतला माल कसा आहे याबरोबरच तो आणखी कुणाच्या हाती पडू शकतो, हेही पाहण्याची सवय लागलेली आहे. या सोल्युशनच्या बाबतीत दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे, कारण लाकूड आणि चामडे चिकटवण्यासाठी बनवलेला हा पदार्थ शाळकरी वयाची मुले नशेसाठी हुंगतात, आणि त्यातून होणारे नुकसान दारूपेक्षा कितीतरी कमी वेळात होते.

आधी कामाबद्दल. चिकटवण्याच्या बाबतीत या मालाला नाव ठेवायला जागा नाही. प्लायवर आणि सनमायकाच्या पाठीवर दातेरी पत्र्याने पातळ थर ओढायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि बोट लावल्यावर सोल्युशन बोटाला येईनासे झाले की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर ठेवून मधून कडांकडे दाबत जायचे. एकदा टेकले की सरकवता येत नाही, म्हणून मोठ्या तुकड्याला दोन माणसे लागतात. शिकंजे लावावे लागत नाहीत, रात्रभर वजन ठेवावे लागत नाही, आणि कपाटाचे दार त्याच संध्याकाळी बिजागरीवर चढवता येते. टेबलाच्या वळलेल्या कडेवर तर पांढऱ्या डिंकाने हे काम होणेच कठीण होते.

कोकणात मात्र त्याला एक पथ्य आहे. द्रावक भराभर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत श्रावणातील दमटपणा असला की त्या गार थरावर बाष्प जमून पांढरट साय धरते. तशा सायीवर सनमायका दाबला तर तो त्या दिवशी बसल्यासारखा दिसतो आणि पुढे कडेने सुटू लागतो. आमचे मेस्त्री हे एका वाक्यात सांगतात : "सोल्युशन पांढरं पडलं की हात लावू नका, नाहीतर दसऱ्याला मला पुन्हा बोलवाल." पाऊस उघडलेला असताना, दुपारी बारानंतर काम केले तेव्हा हा त्रास झाला नाही.

हे इतक्या झटपट सुकते याचे कारण डब्यातील मोठा भाग चिकटणारा पदार्थ नसतोच. अशा सोल्युशनमध्ये रबर आणि राळ मिळून साधारण पाव भाग असतात; उरलेला पाऊण भाग म्हणजे टोल्युईन, हेक्झेन, ॲसिटोन, एथिल ॲसिटेट अशा उडून जाणाऱ्या द्रावकांचे मिश्रण. म्हणजे एक लिटरचा डबा संपतो तेव्हा पाऊण लिटरच्या आसपास द्रावक घरातील हवेत मिसळलेला असतो. टोल्युईनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने ती जमिनीलगत साचते, आणि आपल्याकडे तर हे काम जमिनीवर बसूनच होते. आमच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत टोल्युईनची आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने ती पुढे २० वर आणली. पावसामुळे खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत काम चालले असेल तर हे आकडे सहज ओलांडले जातात, आणि नाकाचा भरवसा धरता येत नाही, कारण थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावते. टोल्युईनची वाफ ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि हेक्झेनची शून्याखाली २२ अंशांना. तेव्हा शेजारच्या खोलीत गॅस चालू असताना किंवा देव्हाऱ्यात निरांजन तेवत असताना डबा उघडू नये. मेस्त्र्यांना डोके जड होणे, तोंडाला चव नसणे ही कामाचीच गोष्ट वाटते. ती कामाची नव्हे, वाफेची गोष्ट आहे.

मुद्दाम हुंगणारा मात्र दहा लाखांत शेकड्यांनी मोजण्याइतकी वाफ घेत नाही. त्याच्या श्वासात ते प्रमाण दहा लाखांत हजारोंच्या घरात जाते. फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ती काही सेकंदांत पोहोचते, कारण हे द्रावक चरबीत सहज विरघळतात आणि मेंदू हा चरबीयुक्त अवयव आहे. सुरुवातीला हुशारी वाटते, भीड चेपते, मग जीभ जड होते, तोल जातो, भास होतात. हा सगळा प्रकार काही मिनिटांत ओसरू लागतो आणि मागे डोकेदुखी, मळमळ व चिडचिड उरते, म्हणून तो मुलगा पुन्हा श्वास घेतो. दारू पोटातून चढत असल्याने पिणाऱ्याला थांबायला काही अवधी तरी मिळतो. येथे झिंग आणि बेशुद्धी यांच्यातील अंतर एक-दोन श्वासांचे असते. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो, आणि बंद जागेत असेल तर वाफेमुळे प्राणवायूच कमी पडतो.

सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेला धोका हृदयाचा आहे. १९७० साली मिलार्ड बास या अमेरिकी डॉक्टरांनी हुंगण्याच्या नशेत अचानक मरण पावलेल्या ११० तरुणांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुलांचा श्वास कोंडलेला नव्हता, तरीही ती कोसळून गेली होती. अशा वाफा हृदयाच्या स्नायूला ॲड्रेनलिनच्या बाबतीत अतिसंवेदनशील करतात. अशा अवस्थेत माणूस दचकला, पळाला, भांडला किंवा घाबरला की शरीरात ॲड्रेनलिन उसळते, हृदयाची लय बिघडते आणि ते रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहते. हे पहिल्याच वेळी घडू शकते. त्यासाठी व्यसन जडलेले असावे लागत नाही. आपल्याकडील एक सर्रास वर्तन येथे थेट जिवावर बेतू शकते. पडक्या घराच्या आडोशाला किंवा किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्यांच्या मागे मुले हुंगताना दिसली की मोठी माणसे ओरडत त्यांच्या अंगावर धावून जातात आणि मुले जीव घेऊन पळतात. हृदय त्या अवस्थेत असताना पळवणे हेच सर्वांत घातक आहे. आवाज न चढवता जवळ जावे, मुलाला मोकळ्या हवेत बसते करावे, डबा किंवा ट्यूब बाजूला घ्यावी, आणि रागवायचे असेल ते नंतर रागवावे.

रोज हुंगणाऱ्याच्या शरीरात जे होते ते हळूहळू होते आणि म्हणून घरच्यांच्या लक्षात उशिरा येते. टोल्युईन मेंदूतील मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण खराब करते. शिकलेले लक्षात राहत नाही, उत्तर द्यायला वेळ लागतो, कशातच रस उरत नाही. शिक्षक मुलाला आळशी म्हणतात आणि घरचे वयाला दोष देतात. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला इजा झाली की हात कापू लागतात, चाल फाकते आणि बोलणे तुटक होते. ऐकू येणे आणि दिसणे यांवरही परिणाम होतो. नशा सोडल्यावर यांतील काही गोष्टी काही महिन्यांत सुधारतात, विशेषतः लवकर सोडल्यास. परंतु मेंदूच्या पांढऱ्या भागाचे दीर्घकाळ झालेले नुकसान पूर्णपणे भरून येत नाही. वाढीच्या वयातील मेंदूवर हा मारा होतो, हे या नशेचे सर्वांत वाईट अंग आहे. गर्भवती स्त्रीने हुंगल्यास बाळ कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा आणि त्याची वाढ खुंटण्याचा धोका असतो.

हेक्झेनची गोष्ट वेगळी आहे. यकृतात त्याचे रूपांतर २,५-हेक्झेनडायोन नावाच्या पदार्थात होते आणि तो हातापायांच्या लांब मज्जातंतूंना मारतो. प्रथम तळपाय बधिर होतात, मग पाऊल उचलेनासे होते आणि पकड सैल पडते. हे कळण्यासाठी नशा करणाऱ्यांकडे पाहावे लागले नव्हते. १९६०च्या दशकात जपानमध्ये घरोघरी बसून सपाता चिकटवणाऱ्या कामगारांत हाच आजार मोठ्या प्रमाणावर आढळला होता. सोल्युशनमध्ये मिथिल एथिल कीटोन हा द्रावकही असेल तर हेक्झेनचा हा परिणाम अधिक तीव्र होतो, म्हणजे दोन द्रावकांचे मिश्रण एकट्याहून वाईट. चप्पल दुरुस्त करणाऱ्याने आणि बॅगा शिवणाऱ्यानेही हा परिच्छेद स्वतःसाठी वाचावा.

मूत्रपिंडांचे नुकसान डॉक्टरांनाही चकवते. टोल्युईन हुंगणाऱ्याच्या रक्तातील आम्लता वाढते आणि पोटॅशियम इतके घसरते की मुलगा एके सकाळी अंथरुणातून उठूच शकत नाही. हातपाय लुळे पडतात. अशा वेळी घरचे लोक देवऋष्याकडे जातात किंवा अर्धांग समजून तेल चोळत बसतात, आणि सोल्युशनचे नाव कुणी डॉक्टरांपुढे काढत नाही. नेहमीच्या लघवीच्या नशातपासणीत हे द्रावक सापडत नाहीत, तेव्हा सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग जवळजवळ नसतो.

ही शहरातील फुटपाथवरच्या मुलांची गोष्ट आहे, आपल्या वाडीचा तिच्याशी संबंध नाही, असे म्हणणारे बरेच भेटतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा असा एकमेव वर्ग आढळला, ज्याचा वापर प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) १० ते १७ वयोगटातील मुलांत (१.१७ टक्के) अधिक आहे, दारू, गांजा, अफू या सगळ्यांत उलटे आहे. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. हा माल स्वस्त आहे, कायदेशीर आहे, आणि तो मागताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर तर द्रावकांची रेलचेल आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या वर ओढल्या जातात, त्यांचे फायबरचे काम आणि रंगकाम निघते. त्यापाठोपाठ गणपतीसाठी घरोघरी रंग, पॉलिश आणि सुतारकाम निघते. थिनर, ॲसिटोन आणि सोल्युशनचे अर्धे उरलेले डबे पडवीत, शाकारलेल्या होडीत, मागच्या खोपीत महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि नारळीपौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या तरी ते जागचे हलत नाहीत.

आता डब्याकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. झाकण पत्र्याचे, दाबून बसवलेले आहे. ते स्क्रू ड्रायव्हरने उचकटावे लागते आणि पहिल्याच उचकटण्यात त्याची कड वाकते. त्यानंतर काठावर सोल्युशनचे धागे सुकून त्यांची पिवळी गादी तयार होते, झाकण त्या गादीवर तरंगत राहते आणि कितीही ठोकले तरी खाली बसत नाही. मेस्त्र्यांनी त्यावर पिशवी टाकून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. महाराष्ट्रातल्या बहुतेक सुतारांच्या डब्यांना हेच दुसरे झाकण असते. अशा डब्यातून वाफ सतत सुटत राहते. ज्या कंपनीला रबर आणि राळ यांचे इतके नेटके मिश्रण जमते, तिला फिरकीचे, लहान मुलांना न उघडणारे झाकण बसवता येत नाही हे पटत नाही. खोकल्याच्या औषधाच्या काही बाटल्यांना असे झाकण आज असते.

लेबलावर ज्वालेचे चिन्ह आहे आणि ते ठळक आहे, याचे श्रेय द्यायला हवे. मात्र "वाफ श्वासात घेऊ नये" हा मजकूर इंग्रजी आणि हिंदीत, डब्याच्या जोडपट्टीजवळ, मला चष्मा लावून उन्हात धरून वाचावा लागला. मराठीत एक अक्षर नाही. आत कोणते द्रावक आहेत त्यांची नावे नाहीत, त्यामुळे मुलाला दवाखान्यात नेताना सोबत डबा नेला तरी डॉक्टरांना त्यावरून फारसे कळणार नाही. मुद्दाम हुंगल्यास अचानक मृत्यू येऊ शकतो, हे वाक्य कोठेच नाही. ते छापल्याने मुलांना कल्पना सुचेल असा युक्तिवाद मी पूर्वी बैठकांत ऐकलेला आहे, परंतु मुलांना ती कल्पना लेबलावरून येत नाही, मित्राकडून येते; लेबल वाचतो तो बाप किंवा दुकानदार, आणि त्यालाच हे ठाऊक नसते.

दुकानाबद्दल. ज्या दुकानातून डबा घेतला तेथे थिनर सुटे मिळते. मोठ्या कॅनमधून पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून देतात, त्यावर चिठ्ठी नसते, आणि ती बाटली घरी जाऊन पाण्याच्याच बाटल्यांशेजारी उभी राहते. माझ्यासमोर एका बाईंनी अशी बाटली भाजीच्या पिशवीत ठेवली. ही पद्धत त्याच एका दुकानाची नाही, पण ज्या दुकानात मापे, पावत्या आणि वागणूक एवढी चोख आहे तेथे ती खटकते. मी विचारल्यावर मालक म्हणाले, "सगळेच देतात, गिऱ्हाईकाला अख्खा डबा परवडत नाही." अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय लहान सीलबंद बाटल्यांचा आहे, सरबताच्या बाटलीचा नव्हे.

उलट हर्णैच्या वाटेवरील एका सायकलच्या दुकानात पाहिलेली रीत मला फार आवडली. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आला आणि पंक्चरच्या सोल्युशनच्या चार ट्यूब मागू लागला. दुकानदाराने हातातले चाक न सोडता विचारले, "चार कशाला रे बाबू? सायकल घेऊन ये, पंक्चर मी काढून देतो. पैसे नकोत." मुलगा थोडा वेळ घुटमळला आणि "नंतर येतो काका" म्हणून गेला. दुकानदाराने त्याला हिणवले नाही, चोर ठरवले नाही, आणि ट्यूबही दिली नाही. संध्याकाळी त्याच्या वडिलांच्या कानावर घालतो, एवढेच मला म्हणाला. ट्यूबांचा खोका त्याच्या गल्ल्यामागे, हात पोहोचणार नाही असा ठेवलेला होता. पाचपैकी पाच तारे द्यायचे असतील तर मी त्या दुकानाला देईन.

त्या दुकानदाराला असे वागायला कायद्याने भाग पाडलेले नाही, हेही येथे नोंदवायला हवे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१२ साली बाटलीतील व्हाइटनर आणि त्याचे थिनर यांच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली आणि पेनासारख्या, थोडाच द्रव मावणाऱ्या साधनाला परवानगी दिली. तेव्हापासून व्हाइटनर पेनच्या रूपात दिसतो तो यामुळे. पण तिचा रोख व्हाइटनरवर होता, चिकटवण्याच्या सोल्युशनवर नव्हता. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात टोल्युईनची गणना अमली पदार्थांत होत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ, तंबाखूजन्य किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या यादीत सोल्युशनचे नाव स्वतंत्रपणे घेतलेले नाही. तेव्हा सध्या तरी भिस्त आहे ती दुकानदाराच्या नजरेवर.

मालच बदलला तर फरक पडतो, याचे दाखले आहेत. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस खेळण्यांच्या प्रतिकृती चिकटवण्याच्या डिंकात मोहरीचा झोंबरा अर्क मिसळला गेला, जेणेकरून हुंगणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यावे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील आदिवासी वस्त्यांत पेट्रोल हुंगण्याने मुले मरत होती. तेथे २००५ पासून बीपी कंपनीने "ओपल" हे झिंग आणणारे घटक अगदी कमी असलेले पेट्रोल आणले आणि हुंगणे मोठ्या प्रमाणात घटले. गाड्या पूर्वीसारख्याच चालत राहिल्या. सोल्युशनच्या कारखानदारांना निदान टोल्युईन आणि हेक्झेन कमी करण्याचा मार्ग खुला आहे, फक्त त्यासाठी ग्राहकाने विचारले पाहिजे.

ग्राहक म्हणून दुसरा मार्ग पाण्यात मिसळलेल्या डिंकाचा. ओट्याखालच्या सपाट दारांना मी मेस्त्र्यांचा थोडा रोष पत्करून पांढरा डिंक वापरायला लावला. त्याला वास जवळजवळ नाही, आग लागत नाही आणि हुंगून काही होत नाही. मात्र शिकंजे किंवा वजन ठेवून रात्र जाऊ द्यावी लागली, आणि पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबणे बरे. आमच्याकडे जांभ्या दगडाचे उरलेले चिरे होते, तेच दारांवर रचले. सपाट पृष्ठभागाला हा डिंक पूर्ण समाधानकारक आहे आणि पैसेही कमी लागतात. वळलेल्या कडा, रेक्झिन, रबर, चामडे यांना तो चालत नाही. तेथे पिवळ्या सोल्युशनला सध्या सोपा पर्याय नाही. म्हणून एक लिटरऐवजी पाव लिटरचा डबा मागावा आणि काम संपेल त्या दिवशी डबाही संपेल असा हिशेब ठेवावा. उरलेच तर मेस्त्र्यांना देऊन टाकावे. मोरीत ओतू नये. आपल्याकडे मोरीचे पाणी माडाच्या आळ्यात जाते आणि विहीर फार लांब नसते.

ज्या घरात मुले आहेत त्यांनी काय पाहावे, हे डब्यावर नाही म्हणून येथे लिहितो. नाकातोंडाभोवती पुरळ किंवा सोललेली कातडी, कपड्यांना येणारा रंगाच्या दुकानासारखा वास, दप्तरात किंवा गादीखाली रिकाम्या ट्यूबा, तसाच वास येणारा फडका, लाल डोळे, मंदावलेली भूक, आणि दारूचा वास नसताना झिंगल्यासारखे बोलणे. यांतील एखादी गोष्ट अन्य कारणानेही असू शकते, चार एकत्र दिसल्या तर शांतपणे विचारावे. मुलगा बेशुद्ध आढळल्यास त्याला उघड्या हवेत आणून कुशीवर झोपवावे, जवळपास काही पेटते असेल ते विझवावे, १०८ वर फोन करावा, आणि कोणता पदार्थ हुंगला ते डॉक्टरांना न लाजता सांगावे, कारण हृदय त्या अवस्थेत असताना कोणते इंजेक्शन द्यायचे हे त्यावर ठरते. श्वास थांबला असेल आणि छातीवर दाब देण्याची रीत ठाऊक असेल तर ते सुरू करावे. या वाफेवर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही. नशा सोडवण्यासाठीही ठरावीक गोळी नाही; समुपदेशन, घरच्यांची साथ आणि मुलाचा दिवस कशाने तरी भरलेला असणे यांवर उपचार उभा असतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक फुकट आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे जाण्यात लोकांना कमीपणा वाटतो, पण मुलाचे पाऊल उचलेनासे झाल्यावर जायचे ते आधी गेलेले बरे.

तारे द्यायचे तर चिकटण्याला साडेचार, झाकणाला एक, लेबलाला दीड. डब्यावरील ग्राहकसेवेच्या पत्त्यावर मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या : फिरकीचे झाकण, मराठीत इशारा आणि द्रावकांची नावे. उत्तर लवकर आले. त्यासोबत मालाचे सोळा भागांचे सुरक्षा-पत्रक जोडलेले होते, त्यात द्रावकांची नावे होती आणि दुकानदारालाही मागितल्यास ते मिळू शकते असे लिहिले होते. झाकणाचा विषय पॅकिंग विभागाकडे पाठवल्याचे कळवले. मराठी इशाऱ्याबद्दल पत्रात काही नव्हते, म्हणून तेवढेच पुन्हा विचारले आहे; उत्तर आले की येथे जोडीन.